क्रॉस ट्रेनरवर बाराव्या मिनिटाला

बाराव्या मिनिटाला माझे पाय जायचे. म्हणजे दिसायला जागेवरच असायचे, बुटात, पेडलवर, लेस बांधलेले. पण मला ते जाणवायचे नाहीत. आधी अंगठ्याशेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या, मग त्याच्या शेजारच्या बोटाला, मग तळव्याचा पुढचा सगळा भाग फळकुटासारखा व्हायचा. तेराव्या मिनिटाला मी मशीन थांबवून खाली वाकायचे आणि लेस सुटल्याचं नाटक करायचे. शेजारच्या क्रॉस ट्रेनरवर माझी धाकटी जाऊ एका हातात फोन धरून बहिणीशी गप्पा मारत असायची. पाय आपले चाललेले. आपल्याला पाय आहेत हे तिच्या लक्षातही नसावं, इतके बिनतक्रार.

लेस बांधता बांधता मी तिच्या बुटांकडे बघायचे. तिच्या मुलीनं टाकून दिलेले जुने बूट होते ते, एका बाजूनं शिवण उसवलेले. माझे नवे, खास व्यायामाचे, नवी पेठेतली तीन दुकानं फिरून घेतलेले.

"ताई, काय ओ, किती वेळा लेस सुटती तुमची," ती वरून म्हणायची. "गोंद लावा की."

मला व्यायामाची हौस कधीच नव्हती. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून वीस वर्षं खुर्चीत बसलेली बाई मी. माझी कामं डोक्यानं आणि वहीनं होतात. पण मागच्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा साखर हद्दीवर आली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने देतो. रोज अर्धा तास, घाम निघेल असं काहीतरी करा. खाणं सांभाळा. तीन महिन्यांनी परत तपासू. उतरली तर गोळी नको, नाही उतरली तर सुरू करू." माझे गुडघे कुरकुरतात म्हणून त्यांनीच क्रॉस ट्रेनर सुचवला. पाय पेडलवरून उचलला जात नाही, त्यामुळे गुडघ्याला हिसका बसत नाही.

गोळीची मला भीती नव्हती. भीती पायांची होती. माझी आई अकलूजला राहायची आणि तिला बरीच वर्षं साखर होती. एकदा ती बाजारातून परत आली तेव्हा मी माहेरी होते. दारात मी तिला विचारलं, "आई, एक चप्पल कुठंय?" तिनं खाली बघितलं. खाली बघितलं तेव्हाच तिला कळलं. चप्पल मागं कुठंतरी रस्त्यात निसटली होती आणि ती एक पाय अनवाणी, खडीवरून, घरापर्यंत चालत आली होती. तिच्या त्या पायाचं पुढं काय झालं ते मी इथं लिहीत नाही.

तेव्हा बाराव्या मिनिटाला बोटं बधिर झाली की माझ्या मनात दोनच शब्द यायचे: सुरू झालं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, डॉक्टरांना नाही. जावेला तर नाहीच.

मला तिचा हेवा वाटतो. स्पष्टच लिहिते, कारण वयाच्या पन्नाशीला आल्यावर ते आडून लिहिण्यात अर्थ नाही. ती लग्न होऊन घरात आली तेव्हापासून वाटतो. मी आले तेव्हा या घरात पहाटे पाचला उठायची पद्धत होती. ती आली आणि पहिल्याच आठवड्यात साडेसातला उठली. कुणी काही बोललं नाही. तिचा दिवाळीचा चिवडा दरवर्षी करपतो आणि दरवर्षी सगळे हसतात. माझा एकदा करपला होता, ते सासूबाई अजून सांगतात. पुढं धाकटी वेगळी राहायला गेली; सासूबाई राहतात माझ्याकडे. त्यांच्या गोळ्या, त्यांची पथ्यं, त्यांचं दुधनीच्या माहेरी जाणं-येणं, सगळं माझ्या वहीत आहे. पण रविवारी धाकटी येणार असली की त्या स्वतः उठून हुग्गी शिजवायला घालतात. गव्हाची खीर ती. गूळ, तूप, खसखस. धाकटी दोन वाट्या खाते आणि बोटं चाटते. मला डॉक्टरांनी एक चमचा सांगितलाय.

जिम लावलं ते मी. विजापूर रोडला, एका हार्डवेअरच्या दुकानावर, सकाळी सातला फक्त बायकांची बॅच. मी चार जिम बघून, अंतर, वेळ, मशिनींची संख्या, बाथरूमची स्वच्छता असं सगळं लिहून ते निवडलं होतं. जावेनं एका रविवारी ऐकलं आणि म्हणाली, "मी पण येते की, ताई. तेवढंच बरं वाटतं." आठ दिवसांत सगळ्या बॅचला तिचं माहेर, तिच्या मुलीचं कॉलेज, सगळं पाठ झालं. ट्रेनर मुलगी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी, मला पहिल्या दिवसापासून "अक्का" म्हणायची. जावेला "दीदी" म्हणायला लागली. आमच्यात सहा वर्षांचं अंतर आहे. सहा वर्षांच्या फरकानं एक अक्का आणि दुसरी दीदी होत नाही.

अडचण आली की मी तक्ता आखते. वहीचं पान उभं धरून तीन रकाने: कारण, उपाय, फरक. पायांसाठीही आखला. कारणांच्या रकान्यात पहिलं "साखर" लिहिलं आणि त्यापुढचा उपायाचा रकाना रिकामा ठेवला. बाकीची कारणं एकेक करून संपवायची आणि शेवटी काय उरतं ते बघायचं, असं ठरवलं. पण ट्रेनरला विचारल्याशिवाय बाकीची कारणं कळणार नव्हती. एका सकाळी जाऊ उशिरा आली, तेवढ्यात विचारून घेतलं.

ट्रेनर माझ्या मशीनशेजारी येऊन उभी राहिली आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली.

"अक्का, दांडा किती आवळून धरलाय? मशीन पळून जाणार आहे का?"

मी हात सैल केले.

"आणि बुटात बोटं. बोटं पण आवळलीत की. मला हितनं दिसतंय. गाडीत ब्रेक मारल्यासारखी."

मी बोटं सोडली. खरोखरच मी ती आवळून धरली होती. पेडलला पकडून ठेवावं तशी. तिनं मला पाय पेडलवर जरा मागं सरकवायला लावला. सगळं वजन चवड्यावर टाकत होते, ते टाचेपर्यंत वाटलं जाऊ दे म्हणाली. दर पाच मिनिटांनी वेग कमी करून एकेक टाच उचलायची आणि आत बोटं हलवायची. लेस वरच्या दोन भोकांत घट्ट चालेल, पण पुढं, जिथं पाऊल रुंद होतं, तिथं सैल पाहिजे. मग तिनं खाली बसून माझ्या बुटाचं टोक अंगठ्यानं दाबलं.

"किती नंबर?"

"सहा."

"कोण म्हणालं सहा?"

माझ्या वहीत आहे, असं मी म्हणणार होते. आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या मापांचं एक पान वहीत आहे. नवऱ्याची कॉलर, मुलाच्या पॅन्टची उंची, सासूबाईंच्या ब्लाउजची बाही. दरवर्षी मी ती तपासून घेते. माझ्या नावापुढं "चप्पल ६" हे लग्नाच्या वर्षी लिहिलं, ते वही बदलली की उतरून काढत आले. माझा पाय मोजायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"संध्याकाळी जा दुकानात," ट्रेनर म्हणाली. "सकाळी नको. दिवसभरानं पाय फुगलेला असतो, तवा खरं माप कळतं. आणि हे दोन-दोन मोजे घातलेत ते काढा. एकच घाला, पातळ."

संध्याकाळी गेले. सात नंबर निघाला.

एकेका बदलाला चार-चार दिवस दिले आणि फरकाचा रकाना भरत गेले. दांडा सैल धरण्यानं एक मिनिट वाढलं. टाचेवर वजन टाकण्यानं एक. सात नंबरच्या बुटानं आणि एका मोज्यानं तीन. बारावरून सतरावर आले. सतरावर अडकले. त्यापुढं काही केल्या नाही. सतराव्या मिनिटाला तेच, तीच दोन बोटं, तसंच फळकूट. डॉक्टरांनी तीस मिनिटं सांगितली होती आणि तीन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते. तक्त्यातली सगळी कारणं संपत आली होती. वर पहिलं कारण होतं, रिकाम्या रकान्यासह.

एका सोमवारी मी ठरवलं की आज थांबायचं नाही. बधिर तर बधिर. जाऊ शेजारी होती. आदल्या दिवशी आमच्याकडे दोन वाट्या हुग्गी खाऊन ती गेली होती आणि आज तिनं मशीनचा जोर दोन अंकांनी वाढवला होता. मला ते दिसत होतं. तिची स्क्रीन माझ्याकडं जराशी वळलेली असायची आणि मी रोज ती बघायचे. माझ्या स्क्रीनपेक्षा जास्त बघायचे. सतरा झाली. अठरा. एकोणीस झाली तेव्हा गुडघ्याखाली दोन काठ्या आहेत असं वाटत होतं. वीस पूर्ण झाल्यावर मी मशीन थांबवलं आणि खाली पाय टाकला. जमीन मला लागली नाही. मी दोन्ही गुडघ्यांवर बसले.

जावेनं फोन तिथंच टाकला. मशीनही बंद केलं नाही; पेडल आपले मोकळेच फिरत राहिले. ती माझ्यासमोर फरशीवर बसली आणि मी नको-नको म्हणत असताना तिनं माझ्या डाव्या बुटाची लेस सोडली.

"काही नाही गं, लेस," मी म्हटलं.

"गप्प बसा ओ. लेस म्हणे."

बूट काढला. मोजा काढला. मग ती बघतच राहिली.

"ताई! जोडवी घालून चढता मशीनवर?"

मी खाली बघितलं. तीन वेढ्यांची जाड चांदीची जोडवी, लग्नात सासूबाईंनी घातलेली. तेव्हा सैल होती, फिरायची. आता बोटाचं मांस दोन्ही बाजूंनी वर आलं होतं आणि चांदी आत गेली होती. बोट टोकाला जांभळं होतं. शेजारच्या बोटावर वेढ्यांचे व्रण उमटले होते, कुणी ठसा मारावा तसे.

पाऊल, बूट, मोजे, लेस, पेडल, दांडा. माझ्या तक्त्यात सगळं होतं. जोडवी नव्हती. ती घातलेली वस्तू आहे हेच मी विसरून गेले होते.

"तू घालत नाहीस?" मी विचारलं. तिच्या पायाकडं मी इतके दिवस बघत होते, पण बुटावरून.

"हितं नाही घालत. काढते आणि पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकते. माझी पातळ आहेत ना, वाकवली की निघतात." ती माझं बोट दोन्ही हातांनी चोळत होती. "कधी परत घालायचं ध्यानात राहत नाही, मग पंधरा-पंधरा दिवस पर्समध्येच."

"पंधरा दिवस?"

"राहतंय की ओ कामाच्या नादात."

"आणि आत्याबाई?" सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो.

"त्यांना काय माहिती? त्यांनी माझ्या पायाकडं कधी बघितलंसुद्धा नाही." ती हसली आणि माझं बोट चोळत राहिली. हात गरम होते तिचे. त्या क्षणी मला तिचे उपकार वाटायला हवे होते. मला वाटलं ते असं: माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि मी एक दिवस हे काढलेलं नाही; आणि हिला ते ध्यानातच राहत नाही.

घरी जाऊन मी साबण लावला, खोबरेल लावलं, दोरा गुंडाळून ओढला. पेरावर येऊन अडायचं. डावीकडचंही आणि उजवीकडचंही. कापावंच लागणार होतं. आणि कापायचं म्हणजे विचारायला हवं होतं. निदान मला तसं वाटलं.

नवऱ्याला विचारलं. तो पेपर वाचत होता. म्हणाला, "मला काय कळतं त्यातलं? आईला विचार."

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले, पाय पुढं केला, बोट दाखवलं, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी बोट बघितलं. चष्मा वर करून परत बघितलं. "अगं यव्वा," म्हणाल्या. मग मेथी निवडायला लागल्या.

"काढू का मग?"

"न्हाय."

"आत्याबाई, बोट काळं पडतंय."

"ते दिसतंय मला. पर नवरा जित्ता असताना जोडवं कापत्यात व्हय गं कुनी?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं. जे सांगणार नाही असं ठरवलं होतं तेच. "धाकटी रोज काढते."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "तिनं मला कवा इचारलं न्हाय."

"विचारलं असतं तर?"

"तर न्हाईच म्हनले असते."

"मग मलाच का नाही म्हणता?"

"तू इचारलंस की," सासूबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्यांची पिशवी माझ्याकडं सरकवली. "ह्या टाकून ये जा."

मी काड्या टाकून आले. जिन्यात दोन मिनिटं उभी राहिले. सव्वीस वर्षांत या घरात मी काय काय विचारलं ते आठवत होते. माहेरी जाऊ का, नोकरी करू का, केस कापू का, सलवार-कमीज घालू का. प्रत्येक वेळी नीट, वेळ बघून, कारणं जुळवून विचारलं होतं. निम्म्या वेळा हो मिळालं, ते मी माझं कौशल्य समजत होते. धाकटीनं यातलं सगळं केलं. विचारल्याचं एकदाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले आणि पायांचं अखेर सांगितलं. आईचंही सांगितलं. त्यांनी मला डोळे मिटायला लावून पावलांवर जागोजागी एक बारीक तार टेकवली. जाणवलं की "हो" म्हणायचं. दोन्ही पायांच्या त्या दोन-दोन बोटांवर मी गप्प राहिले. बाकी सगळीकडं हो म्हटलं.

"साखरेनं आहे का?" मी विचारलं. आवाज ऑफिसातला ठेवायचा प्रयत्न केला.

"ही चांदी बोटात असेपर्यंत मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "दाबानं असेल, साखरेनं असेल. आधी हे काढा. तीन आठवड्यांनी परत बघू. काढलं नाहीत तर मात्र बोटालाच इजा होईल, मग साखरेचं नंतर."

दवाखान्यातून मी सरळ सराफ कट्ट्यावर गेले. ओळखीच्या सोनाराकडं गेले नाही. अनोळखी दुकान बघून चढले. म्हातारा सोनार होता. त्यानं बोट हातात घेतलं, बारीक कातर घेतली आणि थांबला.

"ताई, रागावू नका. घरात इचारलंय नव्हं?"

"विचारलंय," मी म्हटलं. खरंच होतं.

वेढे एकेक करून तुटले. तिसरा तुटला तेव्हा बोटात रक्त परत आलं आणि अशी कळ आली की मी खुर्चीचा हात धरला. दुखलं याचा मला इतका आनंद झाला की सोनार घाबरून "लागलं का, लागलं का" विचारायला लागला. मी म्हटलं, "लागू दे, लागू दे." तुकडे त्यानं कागदात बांधून दिले. पातळ नवी दाखवू का म्हणाला. नको म्हटलं, आत्ता नको.

चार दिवस मी घरात अनवाणी वावरले. मुद्दाम नाही, बोटं उघडी ठेवा असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या ध्यानातही आलं नाही. पाचव्या दिवशी मी सासूबाईंना गोळी द्यायला गेले तर म्हणाल्या, "डाव्या पायाचं बोट बरं हाय का?"

मी पेला त्यांच्या हातात दिला. "बघितलंत?"

"आंधळी हाय का मी?"

"मग बोलला नाहीत ते."

"आता काय बोलायचं? कापून आलीस न्हवं." गोळी गिळून त्यांनी पेला परत दिला. "धाकटीच्याबी पायाकडं बगते मी. पंदरा-पंदरा दिस न्हाय घालत ती. मोजते मी. दर वेळी वाटतं, आता इचारंल. इचारत न्हाय." आणि पाठ फिरवून आडव्या झाल्या.

ते ऐकून मला काय वाटलं ते लिहायला हवं. या बाईंचे पाय मी रोज चेपून देते आणि त्यांची नजर दर रविवारी त्या दुसरीच्या पायांवर होती. दिवस मोजण्याइतकी.

जिममध्ये परत चढले तेव्हा पहिले चार दिवस सतरालाच मुंग्या आल्या, पण फळकूट झालं नाही. मग एकोणीस. मग बावीसला डावीकडं जरासं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्क्रीनवर तीस दिसलं आणि मी बुटातल्या बुटात दहाही बोटं मोजली. दहा भरली. वेग कमी करून पुन्हा मोजली. तेव्हा मला शेजारच्या स्क्रीनकडं बघायचंही सुचलं नाही. ते अर्ध्या मिनिटानं सुचलं. ती छत्तीसवर होती.

डॉक्टरांनी परत तार टेकवली. मी सगळीकडं हो म्हटलं. एका ठिकाणी जरा उशिरा. "दाबाचंच होतं," ते म्हणाले. "नसा ठीक आहेत." मी बाहेर येऊन गाडीवर बसले आणि किल्ली न लावता बराच वेळ तशीच बसून राहिले. तीन महिने भरले तेव्हा साखरही थोडी उतरली होती. हद्दीच्या आत, पण कुंपणाला टेकून. "असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. "हे आता सोडायचं नाही. कायमचं."

हे मी जावेला सांगितलं, मशीनवरून उतरताना. ती म्हणाली, "वा ताई, छानच की!" आणि मग, पर्स उघडून पायात जोडवी चढवत, "मी मात्र उद्यापासनं येत नाही हां. कंटाळा आला. ते पेडल, ते पेडल, रोज तेच. पोहायला जावं म्हणतीय."

"तुझे पाय तर कधी दुखले नाहीत."

"पाय कुठं दुखत्यात? डोकं दुखतं." ती हसली. "तुमचं बरंय ओ. तुम्हाला कायतरी कारण तरी असतं. आत्याबाई पण तुम्हाला विचारतात, सांगतात. मी गेले काय, आले काय, कुणाला काय फरक पडतोय?"

ती जोडवी वाकवून घालत होती, चिमटीत, इतक्या सहज. आत्याबाई दिवस मोजतात, हे मला तिथंच सांगता आलं असतं. वाक्य तयार होतं. मी पाण्याची बाटली बंद केली आणि म्हटलं, "बघ. यावंसं वाटलं तर ये."

तीन महिने मला वाटत होतं की ही इथून जावी. दुसऱ्या दिवसापासून ती नव्हती. पहिल्या दिवशी मी पंचवीसला उतरले. दुसऱ्या दिवशी तेवीसला. पाय ठीक होते, अगदी ठीक; बोटं जिवंत, टाच जागेवर, लेस सैल. उतरायला कारण नव्हतं. शेजारची स्क्रीन काळी होती आणि माझ्या स्क्रीनकडं एकटीकडं बघत राहणं मला जमत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी मी तिला फोन केला. म्हटलं, "उद्या येणार आहेस का?"

"बघू की," ती म्हणाली. मागं टीव्ही चालू होता. "का ओ, आत्याबाईंनी काय विचारलं का?"

"नाही," मी म्हटलं.

सकाळी सातला जिममध्ये गर्दी होती, नवीन दोघी-तिघी लागल्या होत्या. मी माझ्या मशीनवर चढायच्या आधी शेजारच्या मशीनच्या दांड्यावर माझा टॉवेल टाकला. नवीनपैकी एक बाई आली, टॉवेलकडं बघून थांबली.

"इथं कुणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "येतीय ती. आत्ता येईल."

ती बाई ट्रेडमिलकडं गेली. मी सुरू केलं. पाचव्या मिनिटाला टाच उचलली, बोटं हलवली. दहाव्याला परत. ट्रेनरनं लांबून टॉवेलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्या नवीन बाईला ट्रेडमिल लावून द्यायला गेली. मी दरवाजाकडं बघत चालत राहिले, चाळीस मिनिटं.